टोल्यापर्यंत पोचलेले संशोधन : रायपूरचा अनुभव

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी धरावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, सहाव्या महिन्यानंतर घट्ट व तेलतुपाचे वरचे अन्न सुरू करावे, तान्ह्या बाळाशी बोलावे, खेळावे. बालविकासाच्या संशोधनातून आलेली ही उत्तरे डॉक्टरांना, सचिवांना आणि पाठ्यपुस्तकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. गाडी अडते ती पुढे. हे काम कोणी करायचे, कोणत्या दिवशी, कोणाच्या घरी जाऊन, कशाच्या मोबदल्यात, आणि ते झाले की नाही हे पाहायचे कोणी? संशोधनाच्या निबंधात या प्रश्नांना जागा नसते आणि शासननिर्णयात त्यांची उत्तरे एका ओळीत उरकलेली असतात. या दोहोंमधली जागा भरण्याचा एक मोठा प्रयत्न छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूरमध्ये, २००२ पासून झाला. त्यात काम केलेल्या डॉक्टर, प्रशिक्षक, अधिकारी आणि गावोगावच्या बायकांचा अनुभव मुलांसाठी धोरण आखणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावा असा आहे.

नव्या राज्याची स्थिती

छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळे झाले. लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा आदिवासी, जमिनीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली. गाव म्हणजे एका ठिकाणी गोळा झालेली घरे नव्हेत; एकेका गावाचे चार-पाच पारे किंवा टोले, आणि दोन टोल्यांमध्ये शेत, नाला किंवा डोंगर. गडचिरोलीकरांना हे चित्र वेगळे सांगायला नको, कारण राज्याची सीमा ओलांडली तरी जंगल तेच राहते. डॉक्टरांची पदे रिकामी होती आणि एकेका आरोग्यसेविकेकडे न पेलणारा भाग होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ५३ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. वजनाने कमी असलेली ४७ टक्के होती.

नव्या राज्याला एक सोयही होती. यंत्रणा अजून बसायची होती, त्यामुळे नवी रचना मांडायला वाव होता. सरकार, ॲक्शनएड ही संस्था आणि राज्यातील आरोग्य चळवळीतील माणसे यांच्या चर्चांमधून दोन गोष्टी ठरल्या. प्रत्येक टोल्यात एक प्रशिक्षित स्त्री आरोग्यकार्यकर्ती असावी. आणि तिच्या कामाला तांत्रिक आधार देण्यासाठी सरकारच्या पैशावर चालणारी, पण खात्याच्या उतरंडीबाहेरची संस्था रायपूरमध्ये असावी. पहिलीचे नाव मितानिन पडले, छत्तीसगडी समाजात जन्मभराची मैत्री बांधून घेतलेल्या सखीला म्हणतात तेच. दुसरी संस्था म्हणजे राज्य आरोग्य संसाधन केंद्र. २००२ मध्ये टी. सुंदररामन तिचे संचालक झाले. ते पुदुच्चेरीच्या जिपमरमधले प्राध्यापक आणि जनविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते होते.

आधीच्या यशांचा आणि अपयशांचा अभ्यास

रायपूरच्या मंडळींनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली नाही. त्यांच्यासमोर महाराष्ट्रातले दोन प्रयोग होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर, बहुतांशी दलित व गरीब स्त्रिया उत्तम आरोग्यकार्यकर्त्या होऊ शकतात हे दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तेच काम शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिले. ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला.

अपयशेही समोर होती. १९७७ ची देशव्यापी ग्राम आरोग्यकार्यकर्ता योजना काही वर्षांत निस्तेज झाली होती. तिच्यात बहुतेक पुरुष निवडले गेले, प्रशिक्षण एकदाच झाले आणि नंतर त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. मध्य प्रदेशात १९९५ ची जनस्वास्थ्य रक्षक योजना वेगळ्या वाटेने फसली. काही महिने शिकवून सोडलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण इंजेक्शने देणारे खासगी ‘डॉक्टर’ झाले. या दोन्हींवरून रायपूरमध्ये जे नियम बांधले गेले ते असे: कार्यकर्ती स्त्रीच असेल, तिला टोल्यातली माणसे निवडतील, शिक्षणाची अट नसेल, प्रशिक्षण थोड्या थोड्या दिवसांच्या फेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे चालेल, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तिच्याबरोबर घरोघरी फिरणारी एक प्रशिक्षक असेल.

यातला शेवटचा नियम सर्वांत खर्चिक. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर त्याच्यावर जाते. परंतु कार्यक्रम टिकण्यामागचे कारण बऱ्याच अंशी तोच ठरला. १४ विकासखंडांतल्या पहिल्या प्रयोगानंतर काही वर्षांतच राज्याचे सर्व १४६ विकासखंड व्यापले गेले आणि मितानिनींची संख्या ६०,००० च्या घरात गेली. एवढ्या मोठ्या संख्येत एका प्रशिक्षण वर्गाचे शिकवणे विरून जाते. टोल्यात पुन्हा पुन्हा येणारी प्रशिक्षक मात्र त्या ज्ञानाला उजाळा देत राहते.

निष्कर्षाचे काम कसे होते

२००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ने बालजीविताविषयीची लेखमाला प्रसिद्ध केली. ज्या ४२ देशांत जगातले बहुसंख्य बालमृत्यू होतात, तिथे माहीत असलेल्या साध्या उपायांनी त्यांपैकी ६३ टक्के टाळता येतील असा तिचा हिशेब होता आणि एकट्या स्तनपानाच्या वाट्याला १३ टक्के येत होते. हे आकडे सचिवाला पटतात. टोल्यातल्या बाईला त्यांचा काही उपयोग नसतो. तिच्यासमोर असते ती बाळंतिणीची सासू, चीक पिळून टाकायची रीत, आणि दूध ‘उतरेपर्यंत’ बाळाच्या जिभेवर ठेवायचे मध किंवा गुळाचे पाणी.

म्हणून निष्कर्षाचे रूपांतर कामात केले गेले. शेवटच्या महिन्यात गरोदर बाईकडे जायचे, सासू घरात असेल अशी वेळ पाहून जायचे. प्रसूतीच्या दिवशीच घरी पोचायचे, बाळ अंगाला लावले आहे का हे डोळ्यांनी पाहायचे, नसेल तर तिथे बसून लावायला मदत करायची. पुढच्या भेटी कोणत्या दिवशी हेही ठरलेले. ‘स्तनपानाचे महत्त्व पटवून द्या’ असा मोघम आदेश दिला असता तर त्यातून फार तर एक भाषण झाले असते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी जायचे म्हटल्यावर भेट झाली की नाही हे प्रशिक्षकाला विचारता येते.

वरच्या अन्नाच्या बाबतीतही असेच. लहान मुलाचे पोट छोटे असते. पातळ अन्नाने ते भरते, पण लागणारी ऊर्जा मिळत नाही, हे पोषणशास्त्राचे साधे गणित आहे. छत्तीसगडात लहानग्याला भाताची पातळ पेज देण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यामुळे संदेश असा झाला: पेजेऐवजी मऊ भात कुस्करून द्या, त्यात चमचाभर तेल घाला, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवा. आजारपणात खाणे बंद करू नका. संदेश मोजकेच ठेवले गेले, चित्रांच्या पुस्तिका केल्या, आणि निवडीच्या आधी गावोगाव कलाजत्थे फिरले. टोल्याने निवडायची बाई कशासाठी निवडायची आहे, हे टोल्याला आधी कळायला हवे होते.

खालून वर गेलेले ज्ञान

संशोधन वरून खाली येते आणि गावात राबवले जाते, अशी समजूत असते. रायपूरच्या अनुभवात उलटा प्रवाहही तितकाच ठळक आहे. पहिली गोष्ट लोकवस्तीच्या मापाची. देशात सेवा दर हजार लोकसंख्येमागे वाटल्या जातात. पाच टोल्यांच्या गावात हजारामागे एक कार्यकर्ती नेमली तर ती मोठ्या टोल्यात राहते आणि सर्वांत गरीब मुले असतात ती नाल्यापलीकडे. मितानिन टोल्यामागे नेमली गेली. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी असे म्हटले आणि डिसेंबर २००६ मध्ये ४० मुले असलेल्या वस्तीला मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी देण्याचा आदेश दिला. त्या आदेशामागचा विचार याच जातीचा आहे.

दुसरी गोष्ट सल्ल्याच्या मर्यादेची. मितानिन दर घरी पाच वेळा भरवायला सांगत होती आणि आया मान डोलावत होत्या. परंतु रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात आई पहाटे बाहेर पडते ती संध्याकाळीच परतते. दीड वर्षाचे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे असते. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत जेवतात. तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो आणि तो घरातल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. आईकडे माहिती होती. वेळ नव्हता आणि मुलाजवळ थांबायला माणूस नव्हते.

बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था काम करते. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या गटाने ती उभी केली. या डॉक्टरांनी जंगलकाठच्या गावांत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघरे सुरू केली आणि त्यांना फुलवारी म्हटले. गावातलीच बाई दिवसभर मुले सांभाळते, गरम अन्न दिवसातून अनेकदा भरवते. मुले झोपतात, खेळतात, मोठ्या बहिणी शाळेत जातात. २०१२ च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात प्रशासनाने ही कल्पना उचलली आणि मग राज्याने ती आदिवासी विकासखंडांमध्ये नेली. सरकारी रूपात पैसा ग्रामपंचायतीकडे गेला, आयांनी आळीपाळीने मुले सांभाळायची असे ठरले आणि मितानिनींनी देखरेख केली. पगारी सांभाळणारी बाई आणि आळीपाळीने येणाऱ्या आया यांत फरक मोठा आहे. मजुरीचा दिवस बुडवून पाळी द्यायला गरीब घरातली आई नाखूश असते. एखादा प्रयोग सरकारी होताना त्याचा कोणता भाग स्वस्त केला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये पालना योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरवले आणि लक्ष्य १७,००० केंद्रांचे ठेवले. तिथेही प्रश्न तोच येणार: सांभाळणाऱ्या बाईला किती आणि कोण देणार.

तिसरी गोष्ट हक्कांची. मुलांचे वजन का वाढत नाही याचा शोध घेताना बऱ्याच मितानिनी रेशन दुकानापाशी, बंद अंगणवाडीपाशी आणि दारूच्या अड्ड्यापाशी पोचल्या. तक्रारी झाल्या, बायकांचे मोर्चे निघाले. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमात सरकारलाच प्रश्न विचारले जाऊ लागले. रायपूरमधल्या तांत्रिक संस्थेला या ताणाची कायम जाणीव ठेवावी लागली. खात्याच्या बाहेर असल्याने तिला मोकळेपणा होता. पैसा खात्याचाच असल्याने त्या मोकळेपणाला मर्यादा होती.

राज्यातून देशात

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ हे पद निर्माण झाले. आशाची रचना करताना मितानिनचा अनुभव जवळून पाहिला गेला होता. २००७ मध्ये सुंदररामन दिल्लीत राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्राचे प्रमुख झाले. गडचिरोलीतील ‘सर्च’च्या प्रशिक्षण साहित्याच्या आधारे आशांसाठीची सहावी व सातवी पुस्तिका तयार झाली आणि २०११ मध्ये नवजात बाळाची घरच्या घरी काळजी हे आशांचे अधिकृत काम झाले. दवाखान्यात प्रसूती झाली तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाली तर सात. मोबदला २५० रुपये.

निष्कर्ष १९९९ चा, धोरण २०११ चे. मधली बारा वर्षे केवळ दिरंगाईत गेली असे म्हणता येणार नाही. गडचिरोलीत झाले ते बंग दांपत्याच्या देखरेखीमुळे, इतरत्र होणार नाही, ही शंका रास्त होती. त्यासाठी महाराष्ट्रात ‘अंकुर’ प्रकल्पाखाली सात ठिकाणी इतर संस्थांनी तेच काम करून पाहिले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. तरीही मूळ प्रयोगातला एक भाग वगळला गेला: जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन देत, ते आशांकडे आले नाही. इंजेक्शन कोणी द्यावे हा वैद्यक व्यवसायाच्या हद्दीचा प्रश्न होता, आणि अशा प्रश्नांत पुराव्याचे वजन कमी पडते.

वजनकाट्यावर न दिसणारा विकास

मूल जगणे आणि मूल वाढणे यांवर रायपूरमध्ये भर राहिला. मुलाची भाषा, जिज्ञासा, खेळ, मोठ्यांशी जुळणारे नाते हा विकासाचा दुसरा अर्धा भाग दीर्घकाळ मागे पडला. संशोधन नव्हते असे मात्र नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १२९ खुज्या मुलांचे गट केले गेले. काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला आरोग्यसेविका जाई आणि घरगुती खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवी. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत तसा फरक दिसला नाही. २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’च्या लेखमालेने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील २५ कोटी मुले आपल्या क्षमतेपर्यंत पोचणार नाहीत असा अंदाज मांडला.

महाराष्ट्राला या विचाराची जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला, वाडीवस्तीच्या अंगणात मुले जमवून, शंख-शिंपले, बिया आणि पाने हाताशी घेऊन बालशिक्षण उभे केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. मात्र नावाबरोबर शिक्षण तितके पोचले नाही. खिचडी, वजन, लसीकरणाचा दिवस आणि नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस जातो, आणि यांतल्या प्रत्येकाची माहिती वर पाठवावी लागते. मुलाशी किती वेळ बोलले गेले हे कोणी विचारत नाही, म्हणून तेच सर्वांत आधी गळते.

गेल्या काही वर्षांत हे बदलू लागले आहे. २०१८ पासून आशा आणि मितानिन यांच्याकडे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीची भेट आली आणि तीत खेळ व संवाद यांचा समावेश झाला. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफच्या साह्याने ‘आरंभ’ कार्यक्रम तयार केला. त्यात सेविकांचे प्रशिक्षण आणि पालक मेळावे आहेत. छत्तीसगडने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळांना लागून बालवाड्या सुरू केल्या. २०२४ मध्ये केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंत ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हे आराखडे प्रसिद्ध केले. आराखडा हातात आला. आता तो वापरायला सेविकेच्या दिवसातला कोणता तास मोकळा करायचा, हे ठरायचे आहे.

आकडे काय सांगतात

छत्तीसगडमधील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३७.६ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये ३४.६ टक्क्यांवर आले. कमी वजनाची मुले ४७ वरून ३७.७ आणि मग ३१.३ टक्के झाली. ही घट मोठी आहे. तिचे श्रेय कोणाला, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. मितानिन सर्व विकासखंडांत गेली, त्यामुळे तुलनेला जागा उरली नाही. त्याच काळात राज्यातील रेशन व्यवस्था सुधारली, रस्ते आणि अंगणवाड्या वाढल्या. शिवाय सगळे आकडे एका दिशेने गेलेले नाहीत: रक्तक्षय असलेल्या लहान मुलांचे प्रमाण २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात ४१.६ टक्क्यांवरून ६७.२ टक्क्यांवर गेले.

महाराष्ट्राचा अनुभवही सावध करणारा आहे. ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने सरकारी नोंदींत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात हे उघड केले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. दोन वर्षांखालील मुलांमधले खुजेपण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के राहिले. वयोगट वेगळे असल्याने हे आकडे थेट जुळवता येत नाहीत, पण मिळवलेली घट आपोआप पुढे चालू राहत नाही एवढे त्यांतून कळते.

अनुभवाचे सार

रायपूरच्या दोन दशकांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. संशोधन आणि धोरण यांच्यामध्ये कायमची, पगारी, तांत्रिक संस्था लागते. अधूनमधून भरणाऱ्या कार्यशाळांनी ते काम होत नाही. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो आणि संशोधक प्रकल्प संपला की जातो. पुस्तिका सुधारत राहणारी, प्रशिक्षकांचे ऐकणारी माणसे एका जागी टिकली पाहिजेत. प्रत्येक निष्कर्षाला कार्यकर्ती, घर, दिवस आणि मोबदला जोडावा लागतो. यांतले एक जरी सुटले तरी तो कागदावर राहतो. लहान प्रयोग मोठा करताना काय वगळले याची नोंद ठेवावी लागते, नाहीतर नंतर परिणाम दिसला नाही की दोष मूळ कल्पनेला दिला जातो. कार्यक्रम सर्वत्र नेण्याआधी काही भागांत तुलनेची सोय ठेवावी लागते. आणि जे मोजले जात नाही ते केले जात नाही, हे गृहीत धरून मुलाच्या बोलण्या-खेळण्याचीही एखादी साधी नोंद महिन्याच्या अहवालात आणावी लागते. ती आणताना आधीच्या नोंदवह्यांपैकी एखादी बंद केली, तरच सेविकेला मुलांजवळ बसायला वेळ मिळतो.